बोटीच्या पोटातले रूळ

डेन्मार्कच्या दक्षिणेला लोलान नावाचं एक बेट आहे. ते इतकं सपाट आहे की तिथले लोक स्वतःच त्याला पॅनकेकचं बेट म्हणतात. आपल्याकडे धिरडं म्हटलं असतं. पण धिरड्याला निदान जाळी पडते आणि कडा वर उचलतात. लोलानला तेवढंही जमलेलं नाही.

तीस वर्षं मी नाशिकरोडच्या एका शाळेत भूगोल शिकवला. ‘डेन्मार्क : सखल प्रदेश, सौम्य हवामान, दुग्धव्यवसाय’ ही ओळ मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिली की शेवटी शेवटी खडू आपोआप चालायचा. सखल म्हणजे किती सखल, असं एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं, कारण उत्तर मला माहीत नव्हतं.

पण आम्ही लोलानला गेलो ते सखलपणा पाहायला नव्हे. गेलो ते माझ्या थोरल्या भावाच्या एका गाडीपायी.

दादा मनमाडला रेल्वेत गार्ड होता. आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे. तरुणपणी रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्यूटीवरचे ड्रायव्हर-गार्ड विश्रांती घेतात तिथे, भिंतीवर कुणीतरी टांगलेलं एक जुनं परदेशी कॅलेंडर त्यानं पाहिलं. चित्रात एका बोटीनं तोंड उघडलेलं आणि त्या तोंडात अख्खी पॅसेंजर गाडी शिरत असलेली. खाली लिहिलेलं : डेन्मार्क ते जर्मनी. दादानं ते चित्र सगळ्यांना दाखवलं. बाकीच्यांनी पाहून माना डोलावल्या. शेखभाई ड्रायव्हर मात्र चहा ओतता ओतता म्हणाले, “गार्डसाब, गाडी बोटीत जाती, मग बोट कशात जाती? ट्रकमध्ये?”

त्या दिवसापासून माझा भाऊ मनमाड जंक्शनचा ‘जहाज गार्ड’ झाला. कॅलेंडर फाटलं, कोळशाची इंजिनं गेली, दोघंही निवृत्त झाले, नाव टिकलं. मधे दादाच्या एका नातवानं मोबाइलवर त्या गाडीचा व्हिडिओ शोधून दाखवला. शेखभाईंनी तो पूर्ण पाहिला आणि म्हणाले, “आजकाल व्हिडिओत माझी म्हैसबी इंग्लिश बोलती.”

माझ्या मुलीला, प्रज्ञाला, कोपनहेगनमध्ये नोकरी लागली आणि तिनं आम्हा दोघांना बोलावलं, तेव्हा दादा पेन्शनरांच्या मेळाव्यात उभा राहिला. “मी स्वतः जातो, त्या गाडीत बसतो, बोटीत शिरतो आणि येऊन सांगतो,” असं त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं. कुणीतरी विचारलं, गाडी नक्की चालू आहे ना? दादानं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतूनच सांगितलं, “लोलानमधलं रोडबी ते जर्मनीतलं पुटगार्डन. माझ्या टिपणवहीत आहे.”

ती टिपणवही फार जुनी होती. पण इंटरनेटवर खात्री करून घेणं मला माझ्या विषयाचा अपमान वाटला. प्रज्ञाला एका शब्दानं विचारलं असतं तरी चाललं असतं. तर दादाचा हट्ट, की पोरीला सांगायचं नाही. “ती घरबसल्या तिकीट काढून ठेवील. तिकीट मी काढणार, खिडकीवर, उभं राहून.” तेव्हा प्रज्ञाला एवढंच कळवलं, की मामाला दक्षिणेकडचं एखादं सपाट बेट पाहायचंय आणि पुढे बोटीतून जर्मनीला पाय लावून यायचंय. तिनं बिचारीनं शेतावरची एक खोली ठरवली आणि बोटीसाठी मोटारीचं आरक्षण केलं.

कोपनहेगन, मंगळवार

पहिल्याच संध्याकाळी मी भांडी पुसता पुसता प्रज्ञाला खरा बेत सांगितला. तिनं नळ बंद केला.

“आई, त्या गाड्या बंद होऊन काही वर्षं झाली.”

“कुठल्या?”

“बोटीत जाणाऱ्या. आता समुद्राखालून बोगदा करतायत, म्हणून तिकडचा रेल्वेमार्गच बंद ठेवलाय. बोटी आहेत, पण त्यात नुसत्या मोटारी आणि ट्रक. तुम्ही आधी विचारलं का नाही?”

शेजारच्या खोलीत दादा बॅग लावत होता. बॅगेत तळाशी त्याची जुनी शिटी होती आणि त्याच्याच सांगण्यावरून मी शिवून दिलेली नवी हिरवी झेंडी, काठीसकट. गाडी बोटीत शिरताना एकदा ती दाखवायची, असं त्याचं ठरलं होतं.

“सांगते त्याला,” मी म्हणाले. “योग्य वेळी.”

योग्य वेळ ही वस्तू मी पुढे तीन दिवस शोधत होते. प्रज्ञानं तेवढ्यात एक सुधारित योजना मांडून पाहिली : जुना व्हिडिओ उतरवून घ्यायचा आणि मनमाडला तोच ‘आम्ही काढला’ म्हणून दाखवायचा. माझी मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला प्रत्येक गोष्टीवर उपाय दिसतो. मला तो उपाय पटला नाही, पण मी तो लगेच झटकूनही टाकला नाही. हे कबूल केलेलं बरं.

समुद्राखालून धिरड्यावर, गुरुवार

बेटावर बोटीनं जायचं असतं ही माझी समजूत लोलाननं पहिल्याच दिवशी मोडली. कोपनहेगनहून मोटारीनं दोन तासांची वाट. आधी लांबच लांब पूल, मग फाल्स्टर नावाचं दुसरं बेट, आणि मग हमरस्ता एकदम जमिनीत घुसतो, खाडीखालून जातो आणि पलीकडे वर येतो. वर आलो तेच लोलान. चांदवडच्या घाटात बस जेवढ्या धापा टाकते त्यांच्या शतांशही आमच्या मोटारीनं टाकल्या नाहीत.

पलीकडे जे दिसलं त्याचं वर्णन करणं कठीण आहे, कारण दिसण्यासारखं काही मधे येत नाही. बिटाची शेतं, गव्हाची शेतं, पुन्हा बिटाची शेतं आणि त्यांवर अतोनात आकाश. आपण नाशिककडची माणसं दिशा डोंगरांवरून ओळखतो. मनमाडला अंगठ्यासारखा सुळका दिसला की गाव आलं, अंकाईचा किल्ला दिसला की मागे राहिलं. इथे दादा तासभर खिडकीबाहेर पाहत राहिला आणि मग म्हणाला, “इथं गार्डाला ब्रेकच लावायला नको. उतारच नाही. पगार कशाचा घेत असतील?”

साक्सकोबिंग नावाचं गाव आलं तेव्हा मात्र क्षितिजावर एक उंच वस्तू उगवली. ती पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर डोळे आणि हसरं तोंड रंगवलेलं होतं. डोंगर नसलेल्या प्रदेशानं पाण्याच्या टाकीला डोंगराचा मान द्यावा आणि वर तिला हसायला लावावं, यात मला दिखावा दिसला नाही. उलट कमालीचा समजूतदारपणा दिसला. आमच्याकडे अशी टाकी झाली असती तर त्यावर हसरं तोंड नगरसेवकाचं असतं.

आमची यजमानीण इंगर ही पासष्टीची, बिटाची शेती असलेली बाई. शेती आता तिनं भाड्यानं दिली आहे आणि दोन खोल्या पाहुण्यांना. या बिटाची साखर होते, पण ते आपल्या कोशिंबिरीच्या बिटासारखं लाल नसतं. पांढरं, ओबडधोबड, मोठ्या सुरणासारखं. शरदात त्याचे ढीग रस्त्याच्या कडेला लागतात असं तिनं सांगितलं, तेव्हा दादाला चांदवडच्या बाजारातले कांद्याचे ढीग आठवले आणि त्यानं विचारलं, “राखायला कोण बसतं?”

“कुणी नाही,” इंगर म्हणाली. “बीट कोण चोरणार?”

दादाला हे उत्तर देशाच्या प्रगतीचं लक्षण वाटलं. मला वाटलं, चोरायलाही माणसं लागतात. दुपारभर रस्त्यावर आम्हाला एक पोस्टमन आणि दोन घोडे एवढेच दिसले होते. तरुण मंडळी कोपनहेगनला गेली, असं इंगर म्हणाली. म्हणजे प्रज्ञा नाशिकरोड सोडून जिथे आली तिथेच लोलानचीही पोरं आली आहेत. हे ऐकून उगीच बरं वाटलं.

जेवायला राय नावाच्या धान्याची काळी पाव-चकती, तिच्यावर लोण्याचा विटेएवढा थर, त्यावर व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग मासा आणि वर कच्च्या कांद्याची चकती. हा सगळा इमला काट्या-सुरीनं खायचा. दादानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि चावला.

“कसंय, मामा?” प्रज्ञानं विचारलं.

“कांदा चांगलाय.”

मग त्यानं बॅगेतून ठेचा काढला. इंगरनं तो लोण्यासारखाच थापला. आम्ही तिघं एकदम ओरडलो, तोवर पहिला घास गेला होता. बाई लाल झाली, पाणी प्याली, डोळे पुसले आणि म्हणाली, “हा माशाबरोबर चांगला लागतो.” त्या क्षणापासून दादाच्या दृष्टीनं डेन्मार्क हे मोठं राष्ट्र ठरलं.

जेवणानंतर एक लहानसा प्रसंग घडला. अंगणात एका झुडपाखाली, फुलझाडांच्या कुंड्यांमध्ये, बुद्धाचं दगडी मस्तक ठेवलेलं होतं. नुसतं मस्तक, चिखलात. दादा थबकला. मग चपला काढून पुढे गेला, ते दोन्ही हातांनी उचललं, रुमालानं पुसलं आणि विचारायला वळला. इंगर घाबरून म्हणाली, “मी ते रोपवाटिकेतून आणलं. खताच्या गोण्यांबरोबर मिळत होतं. काही चुकलं का?”

“चुकलं नाही,” दादा म्हणाला आणि मला म्हणाला, “शालू, तिला सांग, यांना जमिनीवर ठेवत नाहीत. आमच्या घरी कपाटावर असतात.”

मी सांगितलं. इंगरनं लगेच स्वयंपाकघराच्या खिडकीवरची फळी रिकामी केली. जमिनीपासून पाच फूट. लोलानच्या मानानं ते शिखरच.

१ जून, शुक्रवार

त्या सकाळी सांगायचंच असं मी ठरवलं होतं. साडी नीट केली, चष्मा पुसला, खाली आले, आणि दारातच थांबले.

अंगणातल्या पांढऱ्या खांबावर डेन्मार्कचा लाल झेंडा फडकत होता. आत टेबलावर कागदी झेंड्यांची माळ, केकवर टाचणीएवढे झेंडे, दादाच्या ताटाजवळ पितळी दांडीवरचा आणखी एक झेंडा. मला वाटलं, आज यांचा स्वातंत्र्यदिन असावा. आपल्याकडे एवढे झेंडे म्हणजे एकतर सरकार, नाहीतर निवडणूक.

दादा खाली आला, झेंडा पाहिला आणि सवयीनं ताठ उभा राहिला. इंगरनं टाळ्या वाजवून एक गाणं म्हटलं आणि त्याचा हात हातात घेऊन हलवला. खोली ठरवताना प्रज्ञानं पासपोर्टांच्या प्रती पाठवल्या होत्या. इंगरनं त्यावरची जन्मतारीख वाचली होती. एक जून.

आता हे तिला कसं समजवायचं? आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, जन्म कधीचा; वडील म्हणायचे, त्या साली पाऊस जरा उशिरा होता. मास्तर लिहायचे : एक जून. दादाच्या पेन्शनरांच्या मेळाव्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत आणि एकाचाही वाढदिवस आजवर कुणी केलेला नाही.

“काय म्हणती ती?” दादानं विचारलं.

“आज तुझा वाढदिवस आहे म्हणते.”

“आज? कुणी सांगितलं?”

“तुझ्या पासपोर्टानं.”

दादानं केककडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं आणि इंगरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग अत्यंत गंभीरपणे इंग्रजीत म्हणाला, “येस मॅडम. राइट टाइम.” आणि त्र्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा केक कापला.

डॅनिश लोकांना झेंड्याचं वेड आहे, पण ते सरकारी नाही हे मला तेव्हा कळलं. वाढदिवसाला, लग्नाला, विमानतळावर आजीला आणायला जाताना, म्हणजे घरात काही बरं घडलं की झेंडा. देशभक्तीचा असा घरगुती वापर मी प्रथमच पाहत होते. पण त्यामुळे माझी पंचाईत झाली. ज्याच्यासाठी परक्या देशानं झेंडा उभारला आहे त्याला त्याच टेबलावर, तुझी गाडी बंद पडली आहे, असं कसं सांगणार? मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

बंधाऱ्यावर, त्याच दुपारी

दुपारी इंगर आम्हाला दक्षिण किनाऱ्याला घेऊन गेली. तिथे समुद्र आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बंधारा आहे. गवत उगवलेला, मेंढ्या चरणारा. चढून वर गेलं की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे बीट. आणि नीट पाहिलं तर बीट समुद्राच्या खाली. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या ‘सखल’ या शब्दाचा अर्थ मला त्या बंधाऱ्यावर उभं राहिल्यावर कळला.

१८७२ सालच्या नोव्हेंबरात समुद्र इथून आत शिरला होता. इंगरच्या पणजीनं ती रात्र घराच्या आढ्यावर बसून काढली होती. त्यानंतर हा बंधारा झाला. मग मागची उथळ खाडी पंपांनी उपसून तिची शेतं केली. ते पंप आजही चालतात. “बंद केले तर?” मी विचारलं. “तर मासे परत येतील,” इंगर म्हणाली आणि मोटारीतून कॉफीचा थर्मास आणायला गेली. प्रज्ञाही तिच्या मागे गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं.

दूरवर पवनचक्क्या संथपणे फिरत होत्या. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात; त्यांचा धूर पाहून आम्ही वाऱ्याची दिशा सांगतो. इथे वाराच वीज करत होता आणि धूर कुठेच नव्हता. दादा त्या पात्यांकडे पाहत उभा होता. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून झेंडीची काठी बाहेर डोकावत होती.

“उद्या किती वाजता आहे गं गाडी?” त्यानं विचारलं.

मी म्हणाले, “दादा, गाडी नाहीये.”

“लेट आहे?”

“बंद झाली. काही वर्षांपूर्वीच. बोगदा करतायत. बोट आहे, पण तिच्यात फक्त मोटारी जातात. माझी वही जुनी होती. मी खात्री करून घ्यायला हवी होती.”

एक मेंढी आमच्यामधून निघून गेली.

“तुला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“आज वार कोणता?”

“शुक्रवार.”

“शालू,” तो म्हणाला, आणि आवाज अजिबात चढवला नाही, “गाडी रद्द होती. तिच्यात कुणाचं चालत नाही. पण रद्द झाली की लगेच अनाउन्समेंट करायची असती. प्लॅटफॉर्मवर माणसं उभी करून ठेवायची नाहीत. चाळीस वर्षं हेच केलं मी. शिव्या खाल्ल्या, पण आधी सांगितलं.”

तो बंधाऱ्यावरून एकटाच पश्चिमेकडे चालत गेला. सपाट प्रदेशाचा हा एक जाच आहे : माणूस रागावून निघून गेला तरी दिसेनासा होत नाही. पंधरा मिनिटं मी त्याची पाठ पाहत होते. मग ती पाठ वळली.

तो परत आल्यावर प्रज्ञानं भीत भीत आपली योजना काढली. “मामा, जुना व्हिडिओ आहे माझ्याकडे. एकदम स्पष्ट. तोच दाखवला तर…”

“ते दुसऱ्याचं पाहणं झालं, पोरी,” दादा म्हणाला. “शेख मला विचारील, तू पाह्यलं का. काय सांगू?” थर्मासमधली कॉफी त्यानं संपवली. “बोट जाती ना? मग जाऊ. गाडी नसली तरी जागा तर बघू.”

रोडबी, शनिवार

रोडबीच्या बंदराजवळ बोगद्याचं काम चालू आहे. माती, क्रेन, काँक्रीटचे अजस्र तुकडे आणि ते पाहायला येणाऱ्यांसाठी माहितीचे फलक. समुद्राच्या तळाशी चर खणून त्यात हे तुकडे बुडवायचे आणि जोडायचे. जगात या प्रकारचा एवढा लांब बोगदा दुसरा नाही, असं फलकानं आम्हाला दोनदा सांगितलं. बंधारे आणि पंप यांबद्दल ज्या बेटावर एकही माणूस आवाज चढवून बोलला नव्हता तिथे ही ‘जगात सर्वांत’ची भाषा ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही सध्या कुंभमेळ्याच्या नावानं रस्ते खणलेले आहेत आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी ऐतिहासिक हा शब्द लिहिलेला आहे.

बोटीत मोटारी रांगेनं शिरत होत्या. पाऊण तासाचा प्रवास. बहुतेकांच्या गाड्या रिकाम्या होत्या, कारण हे लोक जर्मनीत जाऊन स्वस्त बिअरचे खोके भरून परत येतात. बोटीच्या पोटात आम्हाला मधल्या ओळीत उभं केलं. प्रज्ञानं इंजिन बंद केलं. दादानं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तसाच थांबला.

“शालू. खाली बघ.”

आमच्या चाकांखाली रूळ होते.

दोन्ही बाजूंच्या खोबणीत काळा मसाला भरून ते जमिनीशी सपाट केलेले होते; पण लोखंड स्वच्छ दिसत होतं. रूळ सरळ पुढे, मोटारींच्या खालून, बोटीच्या बंद तोंडापर्यंत गेले होते. ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली की सर्वांनी वरच्या मजल्यावर जावं, इथे थांबू नये. सगळे गेले. माझ्या भावानं पिशवीतून झेंडी काढली, कापड काठीभोवती गुंडाळलं आणि गुडघ्यांवर बसून रुळांमधलं अंतर मोजायला लागला.

“मामा, चला, दंड करतील!”

“थांब. एक काठी… दोन…”

पिवळं जाकीट घातलेला एक आडदांड, पांढऱ्या दाढीचा कर्मचारी ओरडत आला. “सर! सर! वर! इथे थांबायचं नाही!” दादा उठला नाही. तिसरी काठी टेकवली, उरलेल्या जागेवर आडवी बोटं ठेवली, मगच उभा राहिला. खिशातून पाकीट काढलं आणि पेन्शनरचं ओळखपत्र त्या माणसासमोर धरलं. त्यावर दादाचा विशीतला नाही, पण निदान पन्नाशीतला, टोपी घातलेला फोटो आहे.

“रेल्वे गार्ड,” दादा म्हणाला. “इंडिया. मनमाड जंक्शन.” आणि रुळांकडे बोट दाखवून : “ट्रेन? हिअर?”

त्या माणसानं ओळखपत्र पाहिलं, काठी पाहिली. त्याचा आवाज खाली आला. हो, म्हणाला. इथेच. किती तरी वर्षं मी त्या आत घेतल्या. याच ओळीत. बोटीच्या तोंडाकडे चालत जाऊन तो आमच्याकडे वळला आणि दोन्ही हात उचलून, एक एक पाऊल मागे सरकत, हळूहळू, हळूहळू, न आलेल्या गाडीला आत बोलावू लागला. दादानं झेंडी उलगडली आणि हिरवी दाखवली. शिटी खिशातच राहिली. बोटीवर शिटी वाजवायची तर कॅप्टनची परवानगी लागत असेल, असं तो नंतर म्हणाला.

मग त्या माणसाचा वॉकीटॉकी खेकसला आणि दादा मोबाइलवर रुळांचा एक फोटो काढतो न काढतो तोच त्यानं आम्हाला जिन्याकडे हाकललं. वर जाऊन दादानं खिशातल्या छोट्या डायरीत लिहिलं, मी डोकावून वाचलं : ‘गाडी रद्द. कारण बोगदा. लाइन जागेवर आहे.’ जर्मनीत आम्ही अर्धा तास होतो. तिथलं मला काही आठवत नाही, बिअरचे खोके सोडून.

मनमाड, जुलै

पेन्शनरांच्या मेळाव्यात व्यासपीठामागे फ्लेक्स लावला होता. त्यावर दादाचा चेहरा, शेजारी स्विमिंग पूल असलेली एक आलिशान प्रवासी बोट आणि वर ‘यशस्वी आंतरराष्ट्रीय दौरा’. शाल, नारळ, गुच्छ. सूत्रसंचालकानं दादाचा उल्लेख ‘सातासमुद्रापार रेल्वेचा झेंडा रोवणारे’ असा केला. शेखभाई पहिल्या रांगेत, पाय पसरून, हातात चहाचा कप घेऊन बसले होते.

दादानं माईक हातात घेतला. आधी ‘जय भीम’ म्हणाला. मग म्हणाला, “गाडी बंद झालीय. मी गेलो तेव्हा नव्हती. मी गाडी पाह्यली नाही. आधीच सांगतो.”

हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी मागून ओरडलं, “बुडाली का, जहाज गार्ड?” मी फ्लेक्सकडे पाहत बसले, हा सगळा उपद्व्याप माझ्या टिपणवहीचा होता. शेखभाई मात्र हसले नाहीत. ते दादाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. खोटं सांगायला इतकी सोय असताना माणूस असं का बोलतो, याचा बहुधा ते हिशेब लावत असावेत.

“रूळ आहेत,” दादा म्हणाला. “बोटीत. फोटो आहे.” आणि खाली उतरून त्यानं मोबाइल शेखभाईंच्या हातात दिला.

शेखभाईंनी कप खाली ठेवला. चष्मा लावला. फोटोत बोटीची लोखंडी जमीन, तिच्यात दोन रूळ आणि त्यांच्यावर प्रज्ञाची लाल मोटार. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, रुळाचा जोड पाहिला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. म्हाताऱ्या ड्रायव्हरला रूळ बघताना पाहणं ही मनमाडला गमतीची गोष्ट नसते.

“गेज किती?” शेखभाईंनी रुळांमधलं अंतर विचारलं.

“तीन काठ्या, तीन बोटं. चार फूट साडेआठ इंच.”

“मोजलं तू?”

“गुडघ्यावर बसून.”

शेखभाईंनी मोबाइल परत दिला, कप उचलला आणि उरलेला चहा संपवला.

“म्हणजे आपल्यापेक्षा बारीक,” ते म्हणाले. “तरीच मावली.”